सात नंबरला समन्स लागलं का?

प्रतिवादी नंबर सातला समन्स लागत नाही म्हणून आमचा दावा चार वर्षं एका जागी उभा आहे. दर तारखेला शिरस्तेदार कागद उलटतो, वर बघत नाही, विचारतो, "सात नंबरला समन्स लागलं का?" नाही लागलं. "पुढची तारीख." संपलं. दीड मिनिट. या दीड मिनिटासाठी मी खाडा करतो, लोकलच्या दांड्याला लटकून जातो, तीन तास बाकावर बसतो. मोबाईलवर कोर्टाचं ॲप आहे, त्यात आमच्या दाव्यापुढं लिहिलेलं असतं – अवेटिंग समन्स. आमच्या वस्तीच्या कपाळावर हेच लिहिलेलं असावं.

दावा कशाचा? एका वाटेचा. पाच फूट रुंद, चाळीस फूट लांब. वस्तीतून विहारात आणि विहाराला लागून असलेल्या वाचनालयात जायची वाट. पोरं तिथं रात्री अभ्यास करायची, घरात जागा नाही म्हणून. २०२० च्या टाळेबंदीत, आम्ही सगळे दारं लावून रेशनची वाट बघत होतो तेव्हा, एका फर्मने रातोरात भिंत घातली. जागा आमच्या मालकीची, वाटेसकट विकत घेतली, कागद आहेत, म्हणाले. पोलिसांनी सांगितलं, दिवाणी बाब आहे, कोर्टात जा. गेलो. २०२१ साली आम्ही तिघांनी दावा टाकला. प्रतिवादी नऊ. फर्म, तिचे चार भागीदार, जुन्या मालकाचे वारस आणि त्या वाटेच्या तोंडाशी जिची खोली होती ती बाई. ती नंबर सात.

कुठलं कोर्ट ते लिहीत नाही. मुंबईतलं एक. तुमचंही तसंच असेल.

आता समन्स लागणं म्हणजे काय ते आपल्यातल्या शिकलेल्या पोरांनाही ठाऊक नसतं, म्हणून सांगतो. तुम्ही दावा टाकला म्हणजे दावा सुरू झाला असं नाही. ज्याच्यावर टाकला त्याला कोर्टाचा कागद पोचला पाहिजे, की बाबा तुझ्यावर असा असा दावा आहे, ये आणि तुझं म्हणणं मांड. तो कागद बेलिफ नेतो. बेलिफ परत येऊन शेरा लिहितो. आमच्या दाव्यातले शेरे मी पाठ केलेत. "घर बंद." "सदर इसम बाहेरगावी." "पत्ता अपुरा." "चौकशी केली, कोणी ओळखत नाही."

नंबर चारचा किस्सा ऐका. हा फर्मचा भागीदार. दोन वर्षं तो बेलिफाला सापडला नाही. वॉचमन म्हणायचा, साहेब बाहेरगावी. आणि १४ एप्रिलला आमच्याच नाक्यावर वीस फुटी फ्लेक्स, भीमजयंतीच्या हार्दिक शुभेच्छा, खाली याचा हात जोडलेला फोटो, दाढी कोरलेली. बाबासाहेबांच्या बाजूला उभा राहायला हा गावात होता, कोर्टाचा कागद घ्यायला बाहेरगावी. आम्ही त्या फ्लेक्सचा फोटो काढून अर्जाला जोडला. शेवटी वर्तमानपत्रात जाहीर समन्स द्यावं लागलं. जाहिरातीचा खर्च कुणी केला? आम्ही. वर्गणी काढून. तोंड तो लपवणार, शोधायचे पैसे आम्ही भरायचे.

कायदा हेच सांगतो, वर आणखी दम देतो. दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८. समन्स न बजावता परत आलं आणि वादीने सात दिवसांत नवीन समन्ससाठी अर्ज केला नाही, तर दावाच काढून टाकता येतो. म्हणजे लपणारा लपला तर त्याला काही नाही, शोधणारा दमला तर त्याचा दावा बाद. त्याच संहितेच्या कलम २७ मध्ये लिहिलंय की समन्स दावा दाखल झाल्यापासून तीस दिवसांच्या आत जावं. आमच्या वकिलांना हे मी मोठ्या आवेशात दाखवलं. ते हसले. म्हणाले, "तीस दिवसांत पाठवायचं, बाळा. पोचायचं असं कुठं लिहिलंय?"

गेल्या पावसाळ्यात नवीन न्यायाधीश आल्या. तरुण बाई. त्यांनी फाईल नीट वाचली, हे आम्हाला बाकावर बसल्या बसल्या कळलं, कारण चार वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी विचारलं, भिंत अजून आहे का? आहे, म्हटलं. त्या म्हणाल्या, पुढच्या तारखेला सगळे वकील तयारीने या, या दाव्याचं वेळापत्रक ठरवून टाकू. कैफियत कधीपर्यंत, कागदपत्रं कधी, मुद्दे कधी काढायचे, पुरावा कधी सुरू करायचा. मी घरी येऊन पेढे वाटले नाहीत एवढंच.

तारीख आली. फर्मचा वकील उठला. काळा कोट असा कडक की घडी मोडेल म्हणून तो वाकतही नाही. त्याने अर्ज दिला : सर्व प्रतिवादींवर समन्सची बजावणी झालेली नाही, सबब वेळापत्रक ठरवण्याचे काम सर्वांची बजावणी पूर्ण होईपर्यंत तहकूब करावे. ज्या प्रतिवादीला आज बोलावलेच गेले नाही, तिच्या पाठीमागे वेळापत्रक ठरवणे नैसर्गिक न्यायाला धरून होणार नाही. नैसर्गिक न्याय! च्यायला, रातोरात भिंत घालताना हा न्याय कुठल्या गोदामात होता? सात नंबरच्या बाईचा कळवळा कुणाला आला, तर जिची खोली अंगठा घेऊन घशात घातली त्यांना.

आणि मग आमचे वकील उठले. मला वाटलं आता फाडतील. त्यांनी अर्जावर दोन शब्द लिहिले. हरकत नाही.

मी बाहेर व्हरांड्यात त्यांच्याशी भांडलो. आवाज चढवला. ते आपलेच आहेत, फी घेत नाहीत, आंदोलनात मार खाल्लेला माणूस आहे, तरी भांडलो. त्यांना महाड सांगितलं. १२ डिसेंबर १९२७ ला महाडच्या सवर्णांनी बाबासाहेबांवर आणि त्यांच्या सहकाऱ्यांवर चवदार तळ्याचा दावा टाकला आणि १४ डिसेंबरला मनाई हुकूम निघाला. दोन दिवस! २५ तारखेला सत्याग्रह परिषद होती. तेव्हा कुणी विचारलं होतं का, की सगळ्या प्रतिवादींना समन्स लागलं का? मोजकी नावं दाव्यात घातली, हे सगळ्या अस्पृश्यांचे प्रतिनिधी म्हणून लिहिलं, की अख्खी जमात पाण्यापासून लांब. २३ फेब्रुवारी १९२८ ला तो हुकूम उठला. दाव्याचा निकाल ८ जून १९३१ ला, ठाण्याचं अपील ३० जानेवारी १९३३ ला, हायकोर्टाचा निकाल १७ मार्च १९३७ ला. हुकूम द्यायला दोन दिवस, तळं आमचंही आहे हे सांगायला सव्वानऊ वर्षं. त्यांना हवं असतं तेव्हा कोर्ट पळतं. आम्हाला हवं असतं तेव्हा कोर्टाला सात नंबरची आठवण येते.

वकीलसाहेबांनी सगळं ऐकून घेतलं. चहा मागवला. मग म्हणाले, "झालं? आता माझं ऐक. सात नंबरला सोडून तुला हुकूमनामा मिळवून देतो. उद्या ती अपिलात येते, नाहीतर हीच फर्म तिला पुढं करते, की मला समन्सच नव्हतं. तिच्यापुरता तो हुकूमनामा रद्द होतो. तिच्यापुरता रद्द झाला की वाटेचा प्रश्न पुन्हा पहिल्यापासून, कारण वाट तिच्या ओट्याखालून जाते. दहा वर्षं लढून परत शून्य. तुला दहा वर्षं घालवायचीत की सहा महिने?"

"सहा महिने तुम्ही चार वर्षांपूर्वीही म्हणाला होता," मी म्हटलं.

"मग वर्तमानपत्रात देऊन टाकू तिचंही," ते म्हणाले. "जाहीर समन्स. छापून आलं की बजावलं असं धरतात. ती आली तर आली, नाही आली तर एकतर्फी." पिशवीतून त्यांनी मसुदा काढलाच. मला तो फार आवडला. खरं सांगतो, दोस्तांनो, त्या क्षणी मला तो कागद फार आवडला.

जाहिरातीत शेवटचा माहीत असलेला पत्ता लागतो म्हणून मी सात नंबरला शोधायला निघालो. कळलं, ती मानखुर्दला पुनर्वसनाच्या इमारतीत आहे. दुसऱ्या कुठल्या तरी तुटलेल्या झोपडीच्या बदल्यात पोराला मिळालेली खोली, सहावा मजला. लिफ्ट बंद. जिन्यात उजेड नाही, भिंतीतून पाणी झिरपतंय, दोन इमारतींमध्ये एवढंच अंतर की हात लांब केला तर समोरच्याची बादली घेता येईल. तिसऱ्या मजल्यावर मला धाप लागली आणि बेलिफाचा शेरा आठवला : चौकशी केली, कोणी ओळखत नाही. तो खालूनच परत गेला. त्याला शिव्या घालाव्यात असं वाटलं, पण त्याच्याही पिशवीत तसले ढीगभर कागद असणार.

दार उघडंच होतं. आजी लसूण सोलत बसलेली. गोणीभर लसूण, किलोवर पैसे. मला तिनं ओळखलं नाही, माझ्या आईचं नाव सांगितल्यावर ओळखलं. पाणी दिलं. मग मी कोर्टाचं काढलं.

"माजं नाव कोर्टात? कशापायी रं? म्या कुनाचं काय चोरलं?"

मी सांगायला लागलो आणि मधेच मला लाज वाटली. कारण तिच्यावर दावा फर्मने टाकला नव्हता. आम्ही टाकला होता. आम्ही वादी, ती प्रतिवादी. फर्मने तिच्याकडून स्टॅम्पपेपरवर खोली घेतली, त्यात "समोरील मोकळ्या जागेसह" असं घुसवलं, अंगठा घेतला. आम्ही कोर्टाला मागतो आहोत की ती मोकळी जागा विकायचा हिला हक्कच नव्हता असं ठरवा. तसं ठरलं की फर्म काय करणार? हिच्या दारात येणार, तू आम्हाला न मालकीचं विकलंस, पैसे परत कर. ते पैसे कधीच सुनेच्या दवाखान्यात गेलेत. आणि हे सगळं, तिला न वाचता येणाऱ्या वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, मुंगीएवढ्या अक्षरात छापून, आम्ही "बजावून" टाकणार होतो.

वाटेबद्दल विचारलं. हातातला लसूण खाली ठेवून ती म्हणाली, "वाट व्हय? ती कुनाच्या बापाची न्हवती. माज्या सासऱ्याच्या काळापासनं समदे त्यातनंच हंडे न्यायचे. म्या कशी इकनार?"

चार वर्षं आम्ही जो पुरावा शोधत होतो तो सहाव्या मजल्यावर लसूण सोलत बसला होता.

म्हणून आता मी वकिलाशी एका बाबतीत सहमत आहे आणि दुसऱ्या बाबतीत नाही. न ऐकता कुणाचाही निकाल लावू नये, हा नियम बिल्डरच्या बापाचा नाही, आपला आहे. आपल्याला तो नियम किती महाग पडून मिळालाय! मुंबईच्या फुटपाथवरल्या झोपड्या १९८१ साली उचलायला निघाले तेव्हा महापालिकेच्या १८८८ च्या कायद्यात कलम ३१४ होतं, नोटीस न देता हटवायचं. ऑल्गा टेलिस खटल्यात सुप्रीम कोर्टाने १० जुलै १९८५ ला ते कलम ठेवलं खरं, माणसांना तिथून काढायलाही मुभा दिली, पण काढण्याआधी त्याचं म्हणणं ऐकायचं हाच सर्वसाधारण नियम, असं सांगितलं. तेवढंच हातात पडलं. आज आपल्या दाव्याला उशीर होतो म्हणून आपणच त्या नियमावर थुंकायचं आणि आपल्याच आजीला एकतर्फी करायचं? हे मला जमणार नाही. वस्तीतल्या बैठकीत मी हे बोललो तेव्हा दोघातिघांनी मला मऊ पडलास म्हटलं. म्हणोत.

पण फर्मच्या अर्जाला हरकत नाही, हेही मला मान्य नाही. आजीला कळलं पाहिजे यातून "म्हणून बाकीच्या आठ जणांनी काहीच करायचं नाही" हे कसं काय निघतं? आठ जणांना समन्स लागलंय. कायदा म्हणतो कैफियत तीस दिवसांत, फार तर नव्वद. यांची अजून नाही. कोर्ट घेतं, कारण २००५ च्या सेलम बार असोसिएशनच्या निकालात सुप्रीम कोर्टाने ती मुदत दगडावरची रेघ नाही असं म्हटलं. अपवाद म्हणून म्हटलं होतं, खाली त्याचा रिवाज झाला. आणि हीच मुदत कंपन्यांच्या भांडणात मात्र दगडावरची रेघ आहे! २०१५ साली व्यापारी न्यायालयांचा कायदा आला. तिथं समन्स लागल्यापासून १२० दिवस उलटले की कैफियत घ्यायचीच नाही. तिथं वेळापत्रक ठरवायची बैठक कायद्यातच लिहिलीय, चार आठवड्यांच्या हिशेबाने, पुरावा कधी, युक्तिवाद कधी, सगळं बांधून. व्यापाऱ्यांचं घड्याळ वेगळं, वाटेचं, विहिरीचं, खोलीचं घड्याळ वेगळं. समन्सचंही तेच. २०१८ साली मुंबई हायकोर्टाने एका क्रेडिट कार्डाच्या थकबाकीत व्हॉट्सॲपवरची नोटीस पोचली असं धरलं, दोन निळ्या टिका बघून. फ्लेक्सवाल्या नंबर चारच्या व्हॉट्सॲपवर निळ्या टिका उमटत नाहीत काय?

आमच्या ग्रुपमधल्या एका पोराने अमेरिकेचा नियम शोधून काढला, तिथं शिकायला गेलाय तो. तिथल्या फेडरल कोर्टात न्यायाधीशाने वेळापत्रकाचा हुकूम काढायची मुदत मोजतात ती कुठल्याही एका प्रतिवादीला समन्स लागल्यापासून. सगळ्यांना नव्हे, कुठल्याही एकाला. त्याला लागल्यापासून नव्वद दिवस किंवा एखादा हजर झाल्यापासून साठ, जे आधी येईल ते. डिसेंबर २०१५ पासून असं आहे, त्याआधी मुदती थोड्या लांब होत्या. लांबवायचं तर तसं सबळ कारण न्यायाधीशाला पटलं पाहिजे. तिथलेही वकील अर्ज करतात, की सगळ्यांना लागेपर्यंत थांबवा. कधी थांबवतातही. पण कारण दाखवावं लागतं.

तो देश काही स्वर्ग नाही, हे पँथरचं नाव घेणाऱ्यांना सांगायला नको. ४ डिसेंबर १९६९ च्या पहाटे शिकागोत पोलिसांनी घरात घुसून फ्रेड हॅम्प्टन आणि मार्क क्लार्कला मारलं. हॅम्प्टन एकवीस वर्षांचा, झोपेत. पोलिसांकडून नव्वदच्या आसपास गोळ्या, पँथरांकडून एक. घरच्यांनी आणि वाचलेल्यांनी १९७० मध्ये दिवाणी दावा टाकला. हॅम्प्टनच्या संरक्षणाचं काम बघणारा विल्यम ओ'नीलच एफबीआयचा खबऱ्या होता, घराचा नकाशा त्यानेच दिला, हे उघड झालं १९७३ साली, आणि त्यानंतर एफबीआयची माणसं प्रतिवादी म्हणून दाव्यात आली. अठरा महिने सुनावणी चालली, १९७७ मध्ये न्यायाधीशाने दावा काढून टाकला, १९७९ मध्ये वरच्या कोर्टाने तो पुन्हा उभा केला, १९८२ मध्ये साडेअठरा लाख डॉलरवर तडजोड. बारा वर्षं गेली. पण बघा, सगळे गुन्हेगार एका सकाळी ओळीने हजर झाले आणि मग दावा सुरू झाला, असं नाही झालं. दावा जिवंत ठेवला म्हणून पडद्यामागच्यांना त्यात ओढता आलं. पहिल्या दिवशीच कुणी म्हटलं असतं की सगळे सापडेपर्यंत थांबा, तर तो खबऱ्या सापडायच्या आधी दावा कुजून गेला असता.

दावा कुजतो म्हणजे खरोखर कुजतो. आमच्या नऊ प्रतिवादींपैकी जुन्या मालकाचा एक वारस वारला. आता नव्वद दिवसांत त्याचे वारस लावा, त्यांना समन्स, त्यांच्या शेऱ्यांची वाट. तोवर दुसरा म्हातारा आजारी. तिघा वादींतले एक काका परवा डायलिसिसला लागले. सगळ्यांना लागेपर्यंत थांबा म्हणणाऱ्याला हे चांगलं माहीत असतं. माणसं मरतात, भिंत मरत नाही.

तेव्हा वकीलसाहेबांना मी आणि बाकीच्या दोघांनी लिहून दिलं, "हरकत नाही" मागं घ्या. नवीन अर्ज केला. हजर असलेल्या आठांनी कैफियत आणि कागद द्यायची तारीख आजच बांधा. सात नंबरला समन्स आम्ही स्वतः हमदस्त नेतो, संहितेत तशी सोय आहे. तिला तिची कैफियत द्यायला पूर्ण मुदत मिळावी, तिच्यापुरतं वेळापत्रक तिच्या म्हणण्यानंतर बदलावं लागलं तर बदलावं. आणि तिला वकील आमचा नको, फर्मचा तर नकोच. १९८७ च्या कायद्याने बाईमाणसाला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, तो द्या. साहेब कुरकुरले, म्हणाले, "प्रतिवादीला वकील मिळवून देणारे वादी मी पहिल्यांदाच बघतोय." पण मसुदा त्यांनीच रात्री बसून केला, माझ्यापेक्षा चांगला. जाहिरातीचा कागद त्यांनी माझ्यासमोर फाडला. मी फाडायला सांगितलं नव्हतं.

अर्जावर हुकूम अजून व्हायचा आहे. हमदस्त तेवढं त्याच दिवशी मिळालं. फर्मचा वकील म्हणतो, वादीच समन्स बजावणार तर त्याच्यावर विश्वास कसा ठेवायचा. बरोबर आहे. म्हणून मी एकटा गेलो नाही, इमारतीतले दोन शेजारी साक्षीला घेतले. आजीला कागद वाचून दाखवला, ती मोकळ्या जागेची ओळ दोनदा. अंगठा उठवायच्या आधी तिनं लसणाचा हात लुगड्याला पुसला. तारीख सांगितली, अकरा वाजता, आम्ही रिक्षा घेऊन येतो म्हटलं.

"त्या दिवशी लिफ्ट चालू आसंल का रं?" एवढंच तिनं विचारलं.